रेडकांच्या पोटातील जंत

म्हैस व्याल्यानंतर तीन-चार आठवड्यांत रेडकू मलूल होते, केस राठ होतात, पोट सुटते आणि पांढुरकी, चिखलासारखी, घाण वासाची हगवण लागते. ‘माती खाल्ली म्हणून जंत झाले’ असे निदान घरोघर केले जाते. ते चुकीचे आहे. एवढ्या लहान रेडकाच्या पोटातील हा जंत आईच्या दुधातून आलेला असतो.

टॉक्सोकॅरा व्हिट्युलोरम असे या गोलकृमीचे शास्त्रीय नाव होय. पूर्ण वाढलेली मादी वीतभर किंवा त्याहूनही लांब असते आणि दिवसाला लाखभर अंडी घालते. शेणावाटे पडलेली ही अंडी चाऱ्यापाण्याबरोबर मोठ्या म्हशीच्या पोटात जातात. त्यांतून निघालेल्या अळ्या तिच्या आतड्यात वाढत नाहीत. त्या शरीरात इतरत्र दडून बसतात व विण्याच्या सुमारास कासेत उतरतात. त्यामुळे धष्टपुष्ट म्हशीचे रेडकूही जंतांनी भरलेले आढळते.

यावरून चीक पाजू नये, असे मात्र कोणी समजू नये. चिकावाचून रेडकू जंतांच्या आधी दुसऱ्याच रोगाने दगावेल.

औषध द्यावयाचे ते वयाच्या १० ते १६ दिवसांच्या दरम्यान. या वेळी जंत कोवळे असतात, अंडी घालू लागलेले नसतात. पायपेरॅझीनची मात्रा दर किलो वजनास २०० ते २५० मिलिग्रॅम, म्हणजे ३० किलोच्या रेडकास ६ ते साडेसात ग्रॅम पडते. पशुवैद्यकास विचारूनच ती द्यावी. पोट फुगेपर्यंत थांबल्यास मेलेल्या जंतांच्या गोळ्याने आतडे तुंबण्याचा धोका असतो. पळसपापडी देण्याची चाल जुनी आहे, परंतु इतक्या कोवळ्या जिवास अंदाजाने दिलेली पळसपापडी बाधू शकते.

रेडकू गेले की पुष्कळ म्हशी पान्हा घालीत नाहीत आणि वेताचे दूध हातचे जाते. नर रेडकाकडे तर कोणी पाहतच नाही. पण त्याच्या शेणातील अंडीही त्याच गोठ्यात पडतात!

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व्यालेल्या म्हशींच्या तारखा वहीत टिपाव्यात व दहाव्या दिवशी त्या घरी जावे. रेडकांचे शेण रोज उचलून खतखड्ड्यात टाकावे. तेथे कुजताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने बरीच अंडी मरतात. गोठ्याच्या ओल्या, सावलीच्या कोपऱ्यात मात्र ती महिनोन्‌महिने जिवंत राहतात.