पगाराची चिठ्ठी नीट वाचा!

गेल्या वर्षी शिवडीच्या बी. डी. डी. चाळीतील एक भगिनी पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्याकडे आल्या. मुलगी पदवीधर झाली आणि लगेच एका खासगी कंपनीत लागली. पॅकेज वर्षाला तीन लाख साठ हजार, म्हणजे महिन्याला तीस हजार! आम्हालाही आनंद झाला. महिन्याभराने त्याच बाई पुन्हा आल्या. या वेळी तोंड उतरलेले होते.

"दादा, जयभीम. हिला फसवलं हो. तीस म्हणाले आणि हातात सव्वीस दिले."

मुलगीही सोबत होती. "काका, मी काही चुकीचं वाचलं का?" असे विचारून तिने मोबाईल पुढे केला. आमचे शिक्षण बी. कॉम. आणि पेशा कारकुनी. पगाराचे तक्ते भरण्यात आमची उमेद गेली. तेव्हा कागद मागवला, पेन्सिल घेतली आणि बसलो.

मुलीने चुकीचे वाचले नव्हते, तिला अर्धेच सांगितले होते. पॅकेज म्हणजे पगार नव्हे, ती कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाची बेरीज. कंपनीने तिच्या भविष्यनिर्वाह निधीत भरायचे १,५६० रुपये आणि ग्रॅच्युइटीसाठी दरमहा धरलेले ६२५ रुपये त्या तीस हजारांतच मोजले होते. मुलीचा स्वतःचा पी. एफ. १,५६० आणि व्यवसाय कर २०० रुपये कापला गेला. उरले २६,०५५. पी. एफ.चे दोन्ही वाटे तिच्याच नावावर जमा होतात, तेव्हा एवढ्यात फसवणूक नव्हती.

मात्र आमची नजर दुसऱ्याच रकान्यावर अडकली. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून फक्त तेरा हजार. बाकी सगळे घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता आणि 'इतर भत्ता'. हा इतर भत्ता कशाबद्दल, हे मुलीला ठाऊक नव्हते. कंपनीतील साहेबालाही ठाऊक असेल असे आम्हाला वाटत नाही.

बाई म्हणाल्या, "पैसा तो पैसा. कुठल्या नावानं दिला म्हणून काय बिघडलं?"

बिघडते, आणि ते म्हातारपणी कळते. पी. एफ. आणि ग्रॅच्युइटी या मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांवर मोजल्या जातात. ग्रॅच्युइटीचा हिशेब असा: शेवटच्या महिन्याच्या वेतनाला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि जितकी वर्षे नोकरी तितक्यांनी पुन्हा गुणायचे. तेरा हजारांवर वीस वर्षांचे दीड लाख होतात. त्याच पॅकेजमध्ये मूळ पगार साडेएकोणीस हजार दाखवला असता, तर सव्वादोन लाख झाले असते. पाऊण लाखाचा हा फरक केवळ रकान्यांच्या आखणीचा. ही आखणी करणाऱ्याला कामगाराशी भांडावेही लागत नाही. उलट कपात कमी म्हणून कामगार खूश असतो.

आमचे बोलणे ऐकून बाई घरी गेल्या आणि सासऱ्यांच्या पत्र्याच्या पेटीतून त्यांची जुनी चिठ्ठी घेऊन आल्या. सासरे गिरणीत रिंग खात्यात होते. चिठ्ठीवर मूळ पगाराचा आकडा किरकोळ आणि महागाई भत्त्याचा त्याच्या कितीतरी पट. यामागे इतिहास आहे. १९४७ साली औद्योगिक न्यायालयाने मुंबईच्या गिरण्यांसाठी पगाराचे प्रमाणीकरण केले. २६ दिवसांच्या कामाला किमान मूळ पगार तीस रुपये ठरला आणि महागाई भत्ता मुंबईच्या कामगारांच्या राहणीखर्चाच्या निर्देशांकाला बांधला गेला. तांदूळ-ज्वारी महागली की भत्ता वाढे, त्यासाठी मालकाच्या दारात जावे लागत नसे. १९५२ च्या कायद्याने कापडधंद्याला पी. एफ. लागू झाला, तोही मूळ पगार आणि महागाई भत्ता दोन्हींवर. रकाने थोडे, पण हक्काचे होते.

पण सासरे रिंग खात्यातच का होते? विणकाम खात्यात पगार अधिक होता. तेथे आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. म्हणजे आपल्या घरातील चूल किती पेटणार, हे कामाच्या कसबावर ठरत नव्हते. कोणत्या खात्याचे दार उघडे, यावर ते ठरत होते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. दरवाढीचा लढा लढायचा, पण वरच्या दराच्या खात्यातून आपल्याला बाहेर ठेवायचे, ही एकजूट त्यांना मान्य नव्हती. पुढे मजूरमंत्री असताना एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक त्यांनीच मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. त्याचा कायदा १९४८ साली झाला. आज नोकरीला लागणाऱ्या आपल्या मुलींना हे शाळेत कोणी शिकवत नाही, म्हणून येथे लिहिले.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर सासरे गिरणीत परतले नाहीत. पी. एफ.ची रक्कम मिळाली, त्यात एका लेकीचे लग्न झाले. बाईंचे पती मात्र गोदीकडच्या एका गोदामात ठेकेदाराकडे होते. रोख पैसे, वहीत अंगठा, चिठ्ठी नाही. ते वारले तेव्हा ठेकेदाराने दोन हजार रुपये आणून दिले आणि हात जोडले. कागदच नव्हता, तेव्हा कोणत्या कचेरीत जाणार?

म्हणूनच दुसरा प्रसंग आला तेव्हा आम्ही जरा आवाज चढवला. तीन महिन्यांनी मुलीला दुसरीकडून बोलावणे आले. पूर्ण तीस हजार, पी. एफ.ची कपात नाही. पत्रात तिचा उल्लेख 'सल्लागार' असा होता. काम तेच, वेळ सकाळी साडेनऊ ते साडेसहा, रजा विचारूनच. आईचे मन तिकडे ओढत होते, आणि त्यात नवल नाही. घरात महिन्याला चार हजार जास्त येणे म्हणजे काय, हे चाळीत राहणाऱ्याला सांगायला नको.

आम्ही म्हटले, "पोरी, सल्लागार म्हणजे कागदोपत्री तू नोकर नाहीस. पी. एफ. नाही, ग्रॅच्युइटी नाही. उद्या लग्न झाले, मूल झाले, तर २६ आठवड्यांची पगारी रजा नाही." या रजेच्या हक्कासाठीही बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोलले होते.

मुलगी जुन्याच नोकरीत राहिली. मात्र गप्प राहिली नाही. आम्ही तिला दोन गोष्टी लिहून दिल्या. पहिली, २८ फेब्रुवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: जो भत्ता सर्वांना सरसकट मिळतो, तो पी. एफ.साठी मूळ वेतनातच धरायचा. दुसरी, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहिता: भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाली, तर वरचा भाग वेतनात मोजायचा. या संहितांबद्दल आमच्या तक्रारी पुष्कळ आहेत, त्या पुन्हा कधीतरी. पण ही तरतूद कामाची आहे, आणि मुदतीच्या नोकरीवरील कामगाराला पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क देणारीही.

मुलीने 'इतर भत्ता' कशाबद्दल, असा दोन ओळींचा लेखी प्रश्न कचेरीत दिला. उत्तर अजून आलेले नाही. पण आता ती दर महिन्याच्या सोळा तारखेला मोबाईलवर पी. एफ.चे पासबुक पाहते. मागच्या महिन्यात कंपनीचा वाटा दिसला नाही, तेव्हा तिने जाऊन विचारले. चौथ्या दिवशी जमा झाला, आणि तिच्यासोबत त्या खात्यातील आणखी अकरा जणांचाही.