हा ताप साधा नव्हे!

बंगळूरच्या चिकपेटमध्ये दिवेलागणीला पाय ठेवायला जागा नसते. साड्यांची दुकाने, हातगाड्या, गिऱ्हाइकांची रेटारेटी. समजा, अशाच एका गल्लीत माडीवर राहणाऱ्या मराठी कुटुंबातल्या सहा वर्षांच्या मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला आहे. गेल्याच आठवड्यात त्याला औषधांची सलाईन लावली होती. आज त्याचे अंग किंचित गरम लागते. आजी सुनेला म्हणते, "अगं, हवा बदललीय. गोळी दे, सकाळपर्यंत उतरेल."

दुसऱ्या मुलाच्या बाबतीत आजीचे खरे ठरलेही असते. या मुलाच्या मात्र ते जिवावर बेतू शकते. असे का?

हाडांच्या पोकळीतली अस्थिमज्जा हा रक्तपेशींचा कारखाना. तिथे तयार होणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून मारतात. रक्तात त्या जेमतेम दिवसभर टिकतात, म्हणून नवी भरती सतत चालू असावी लागते. ल्युकेमियात अपक्व पेशी कारखान्याची जागाच बळकावतात. तपासणीत पांढऱ्या पेशी कधी लाखावर दिसतात. पण ही फौज नावापुरतीच, तिला लढता येत नाही.

उपचारही काही काळ हीच अडचण वाढवतात. डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेल्या अमिनोप्टेरिनने १९४८ मध्ये अमेरिकेत डॉ. सिडनी फार्बर यांना ल्युकेमिया काही काळ तरी हटवता आला. त्याचेच भावंड मेथोट्रेक्सेट आजही मुलांना देतात. पण अशी औषधे रोगट पेशींबरोबर चांगल्या पेशींचे उत्पादनही थोपवतात. न्यूट्रोफिल दर घनमिलिमीटरला ५०० च्या खाली गेले, की जंतूंना रान मोकळे मिळते. शिवाय पू मुख्यतः याच पेशींचा बनतो. त्या नसल्या की पू धरत नाही, सूजही फारशी येत नाही. बहुधा ताप हीच एकमेव खूण असते आणि गोळीने नेमकी तीच पुसली जाते.

म्हणून ताप १००.४ अंश फॅरनहाइट भरला, की रात्र असो वा सण, मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. तिथे पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हायला हवे. स्टिरॉइडमुळे कधी ताप चढतही नाही. मूल मलूल झाले किंवा त्याला हुडहुडी भरली, तरी थांबू नये. बंगळूरची किदवई स्मारक कर्करोग संस्था १९७३ पासून होसूर रस्त्यावर आहे. पण रात्री रिक्षा कोण आणणार, फाइल कुठे ठेवली आहे, हे आधीच ठरलेले बरे.

घरात सर्वांनी साबणाने हात धुवावेत. अन्न ताजे आणि गरम असावे, गाडीवरची कापलेली फळे नकोत. भावंडांच्या लसी डॉक्टरांना विचारून पूर्ण कराव्यात. शेजारी कांजिण्या निघाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

उपचार नीट पूर्ण झाले, तर मुलांमध्ये नेहमी आढळणारा ल्युकेमिया बहुतेकांचा बरा होतो. आजीची माया खोटी नाही. फक्त या घरात तिने गोळ्यांच्या डबीआधी थर्मामीटर हाती घ्यावा.