एका नुक्त्याचा तारा, एक धुळीचा पडदा

२०१९ च्या हिवाळ्यात वर्गातल्या मुलांनी आम्हाला विचारले, "मृगातला लाल तारा फुटणार म्हणे. ही कियामतची निशाणी आहे का?" मोबाइलवरून ती अफवा घराघरांत पोहोचली होती. काही वडीलधारेही घाबरले होते.

तारा बीटलज्यूस, मराठीत काक्षी. मूळ अरबी नाव यदुल-जौजा, जौजाचा हात. उर्दूत आज जौजा म्हणजे मिथुन रास, पण जुने अरब या तारकांत एक आकृती पाहत. युरोपात नक्कल करताना कोणीतरी 'ये'चे दोन नुक्ते एकच वाचले, 'ये'चा 'बे' झाला आणि तेच नाव जगभर रूढ झाले. नुक्त्याने खुदाचा जुदा होतो, हे आपल्या घरांत सांगायला नको!

हा तारा सुमारे ४०० दिवसांच्या फेऱ्यात थोडा कमी-जास्त होतच असतो. मात्र फेब्रुवारी २०२० पर्यंत त्याचे तेज नेहमीच्या एक तृतीयांशाच्या जवळ आले. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीच्या छायाचित्रांत त्याचा दक्षिणेकडचा भाग काळवंडलेला दिसला. हबल दुर्बिणीला त्याआधीच, सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, ताऱ्यातून दाट तप्त वायू उसळताना आढळला होता. भाताची वाफ गार झाकणाला लागली की थेंब होतात. तिथे वायू दूर जाऊन निवला आणि थेंबांऐवजी दगडाच्या जातीचे अतिसूक्ष्म कण झाले. ताऱ्याची ती बाजूही तेव्हा थोडी गार झाली होती, त्यामुळे धूळ धरायला मदत झाली. तो पडदा नेमका आपल्या आणि ताऱ्याच्या मध्ये आला. एप्रिलपर्यंत तेज परतले.

हे सारे घडले मात्र फार पूर्वी. तिथला प्रकाश इथे यायला साडेपाचशे ते सातशे वर्षे लागतात. ती धूळ उठली तेव्हा दिल्लीत सल्तनत होती.

मुलांना आम्ही एवढेच सांगितले की रसूलुल्लाह (स.) यांचे पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण होते. लोकांनी दोन्हींचा संबंध जोडला. कोणाच्या मृत्यूमुळे ग्रहण लागत नाही, असे खुद्द आपणच लोकांना बजावले. मुलांचे समाधान झाले, काही पालकांचे झाले नाही.

जानेवारीत इशानंतर गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. मृगाच्या चार पायांपैकी वरचा डावा, तांबूस, तो हाच. वरच्या उजव्याशी त्याचे तेज ताडून पाहा. एरवी डावा स्पष्ट उजळ असतो, त्या फेब्रुवारीत दोन्ही जवळपास सारखे दिसत होते.