समासातली प्रश्नचिन्हं

ख्रिस्ती धर्मगुरू आणि मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो 25 जुलै 2024 ला गेले. बातमी वाचली आणि ट्रंकेतलं जुनं मराठी बायबल काढलं. आमची हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात होती तेव्हा घेतलेलं, काळ्या पुठ्ठ्याचं.

त्यातल्या गोष्टी खऱ्या की रचलेल्या, हा वाद मराठीत जुनाच. 1831 मध्ये मुंबईत मोरभट दांडेकर आणि मिशनरी जॉन विल्सन भिडले, 1857 मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी चौपाटीवर पाद्र्यांना घेरलं. मला त्या साऱ्याचा कंटाळा येतो. जो तो दुसऱ्याच्या पोथीत खोट शोधणार.

आमची बैठकही तसलीच, नव्वदच्या दशकातली. स्टेशनाजवळच्या हॉटेलात, मीटरगेजची गाडी येईस्तोवर. एक मास्तर होते, नाव कशाला घ्या. ते लूकचं शुभवर्तमान उघडून विचारायचे, येशू जन्मला तेव्हा रोमन सुभेदार क्विरीनियची नावनिशी चालली होती ना? मत्तय म्हणतो, हेरोद राजा जिवंत होता. हेरोद मेला इसवी सनापूर्वी 4 च्या सुमारास, नावनिशी झाली इसवी सन 6 मध्ये. "दहा वर्षांचं बाळंतपण!" आम्ही टेबल बडवायचो. यहोशवाच्या गोष्टीतला यरीहोचा तटही मास्तरांनीच पाडला: पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांना 1950 च्या दशकातल्या उत्खननात यहोशवाच्या काळचं तटबंदीचं शहर सापडलंच नव्हतं.

1961 मध्ये कैसरियाला, येशूला क्रुसावर देणाऱ्या पिलाताच्या नावाचा शिलालेख मिळाला, हे मात्र मास्तर कधी सांगत नसत. 1993 मध्ये, आमची बैठक ऐन भरात असताना, इस्राएलात तेल दानला 'दावीदाचं घराणं' कोरलेला दगड निघाला. दावीद राजा ही नुसती दंतकथा म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली. आमच्या टेबलावर त्याचा उल्लेखही नाही.

रेल्वेतला एक ख्रिस्ती मित्र हे सगळं मुकाट ऐकायचा. एकदा म्हणाला, "सर, औंढ्याचा नंदी देवळामागं कसा गेला?" नामदेवांसाठी नागनाथाचं देऊळ फिरलं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगतं. मास्तर चहा अर्धा टाकून उठले.

मग त्यानं मला पेत्राची गोष्ट सांगितली. कोंबडा आरवण्याआधी पेत्रानं गुरूला तीनदा नाकारलं. थोरल्या शिष्याची अशी नाचक्की चेले कशाला रचतील? मला एकदम गोरोबाकाका आठवले, हातात थापटणं घेतलेले. नर्सीच्या आमच्या नामदेवांना त्यांनी कच्चं मडकं ठरवलं, म्हणून तर नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. भक्तांनी ते झाकलं नाही. (विसोबांची थोरवी वाढवायला कुणी रचलं असेल, अशी पाल चुकचुकतेच.)

2019 मध्ये दिब्रिटोंची उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली आणि त्यांच्या धर्मावरून विरोध सुरू झाला. आमच्या जुन्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मास्तरांनीही काय काय पाठवलं. मित्र त्याच रात्री ग्रुप सोडून गेला. का गेला, कुणी विचारलं नाही. मीही नाही.

बायबलच्या समासात माझी पेन्सिलीची प्रश्नचिन्हं अजून आहेत, पानोपानी. ट्रंकेत त्याच्या खालीच नामदेवांची गाथा होती. तीही चाळली. समास कोरे.