घरांत आलेली सरकारी खिडकी

अंबरनाथ-बदलापूरच्या नोकरदाराचा दिवस लोकलच्या वेळापत्रकानें बांधलेला. कचेरी उघडण्यापूर्वी तो घर सोडतो व ती मिटल्यावर परततो. मुलाच्या जन्माचा दाखला किंवा घरपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला हवा झाला, कीं एक रजा खर्ची पडावयाची. हा त्रास ज्यांनीं सोसला, त्यांस २०१५ सालच्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाचें मोल निराळें सांगावयास नको.

उल्हासनगरची महानगरपालिका असो, वा अंबरनाथ आणि कुळगांव-बदलापूर येथील नगरपरिषदा असोत, प्रत्येकीनें आपल्या सेवा, त्यांची मुदत, शुल्क व जबाबदार अधिकारी यांची यादी फलकावर लावावी आणि संकेतस्थळावरहि द्यावी, असें या कायद्याचें बंधन आहे. अर्ज नाकारल्यास कारण लेखी द्यावें लागतें. मुदत टळल्यास ३० दिवसांत पहिलें अपील करतां येतें. पुढें दुसरें, आणि शेवटीं आयोग. सबळ कारणावांचून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५००० रुपये दंड होऊं शकतो. आमच्या गृहिणी-भगिनींनीं हे आंकडे पाठच करावेत. खिडकीशीं उभें असतां त्यांचा उपयोग होतो!

मात्र येथें एक मेख आहे. मुदत मोजली जाते ती अर्ज दाखल झाल्यापासून. जो अर्ज संगणकावर भरतांच आला नाहीं, त्यास क्रमांक नाहीं. क्रमांक नाहीं म्हणून मुदत नाहीं, आणि दंडहि कोणास नाहीं. अंध तरुण किंवा मंद दृष्टीचे आजोबा अडतात ते नेमके येथें.

सरकारी संकेतस्थळें कशीं असावींत याचे दंडक केंद्र सरकारनें २००९ सालींच घालून दिले. त्यांची तिसरी आवृत्ति २०२३ सालीं निघाली. चित्रास शब्दांत वर्णन जोडावें, म्हणजे अंधांचें वाचक-यंत्र तें बोलून दाखवील. अक्षर आणि पार्श्वभूमि यांच्या उजळपणाचें प्रमाण निदान साडेचारास एक असावें. माउसवांचून, केवळ कळफलकानें, सारा अर्ज भरतां यावा. यांत अवघड तें काय? पण हे दंडक शिफारशीवजा राहिले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तशा शिफारशीवजा नियमावर बोट ठेवून सक्तीचे दंडक करण्यास केंद्रास फर्माविलें. आणि ३० एप्रिल २०२५ रोजीं, ॲसिडहल्ल्यानें पापण्या गमावलेल्यांस ‘डोळे मिचकावा’ म्हणणारी ओळख-तपासणी पुढें आली असतां, अशा सेवांपर्यंत पोंचणें हा जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला.

तोंवर ज्याचा अर्ज संगणकावर अडेल, त्यानें तो कागदावर लिहून कचेरींत द्यावा आणि तारीख, क्रमांक व मुदत घातलेली पोंच घेतल्यावांचून खिडकी सोडूं नये. ती पोंच देणें कायद्यानेंच बंधनकारक आहे.