पीक संरक्षणाची बंदूक : मालकाची जबाबदारी कोठपर्यंत?

रानडुक्कर व वानरांच्या उपद्रवामुळे कोकणात व इतरत्रही अनेकांनी पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना घेतला आहे. ही बंदूक दुसऱ्याच्या हातून चालून अनर्थ घडला, तर मालकास जबाबदार धरावे काय?

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना घराला किंवा शेताला नव्हे, तर व्यक्तीला मिळतो. बंदूक दुसऱ्यास देण्यापूर्वी तो ती कायद्याने बाळगू शकतो याची खात्री न करणे हा गुन्हा आहे (कलम २९). परवान्याच्या अटी मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात (कलम ३०). परवाना रद्दही होतो. लग्नात, वरातीत हौसेने बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा २०१९ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे. त्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

केवळ बंदूक आपली म्हणून दुसऱ्याने केलेल्या खुनाची शिक्षा मालकास होत नाही. मात्र हेतू माहीत असून बंदूक दिली, तर तो गुन्ह्यात साथीदार ठरतो. आणि स्वतःच्या हयगयीचा जाब तर त्याला द्यावाच लागतो. हे रास्त आहे. कुलपातील बंदूक चोरीस गेली व मालकाने लगेच पोलिसांत कळविले, तर त्याला दोष देता येणार नाही. पण भरलेली बंदूक मांगराच्या खुंटीला टांगून ठेवणाऱ्यास 'मी चालविली नाही' असे म्हणून सुटता येऊ नये.

घ्यावयाची काळजी

१. ठासणीच्या बंदुकीची केप काढली म्हणजे ती रिकामी झाली असे नाही. दारू व छरे नळीतच राहतात. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत घालून नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करावी. पुढे खूण नळीच्या बाहेर राहिली, तर बंदूक भरलेली समजावी.

२. बंदूक रिकामी करूनच घरी आणावी व कुलपात ठेवावी. दारू, छरे व केपा वेगळ्या जागी ठेवाव्यात. किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

३. परवान्यावर नाव नसलेल्या राखणदारास किंवा नातेवाईकास बंदूक देऊ नये.

४. अंधारात हालचाल दिसली म्हणून बार काढू नये. डुक्कर समजून झाडलेल्या गोळीने माणसे दगावली आहेत. असा निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

५. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर मारण्यापूर्वी वन अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी.

६. बंदूक हरवल्यास किंवा चोरीस गेल्यास ताबडतोब पोलीस ठाण्यात कळवावे. परवानाधारक मरण पावल्यास वारसांनी ती विनाविलंब जमा करावी.

पीक गेले तर पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते. गेलेला माणूस परत येत नाही. म्हणून परवान्याबरोबर आलेली ही जबाबदारी प्रत्येक परवानाधारकाने कटाक्षाने पाळावी.