लिथियमचं घर

आमच्या गावी एसटी स्टँडच्या मागे बॅटरीचं दुकान होतं. दाराशी पाऊल टाकताच ॲसिडचा घशात टोचणारा वास यायचा. बाकावर ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या, कुणाच्या घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या वायरींनी एकमेकींना जोडून चार्जिंगला लावलेल्या असायच्या. दुकानातले काका एकेका सेलचं बूच काढून आत काचेची नळी बुडवायचे आणि वरचा रबरी फुगा दाबून सोडायचे. ॲसिड नळीत चढायचं आणि आत तरंगणारी काचेची कांडी एका आकड्यापाशी स्थिर व्हायची. "बाराशे पन्नास. जीव आहे अजून." नाहीतर मान हलवून, "अकराशे. हा सेल गेला." त्या आकड्याला ते ग्रॅव्हिटी म्हणायचे. बॅटरीत किती वीज उरली आहे हे कुणी डोळ्यांसमोर मोजून दाखवतं, याचं मला तेव्हा फार नवल वाटायचं.

नळीतला हिशोब सरळ होता. शिशाची बॅटरी वीज देते तेव्हा ॲसिडमधलं सल्फेट दोन्ही प्लेटांवर जाऊन बसतं आणि ॲसिड पातळ होतं. चार्जिंग केलं की सल्फेट परत द्रवात उतरतं आणि ॲसिड पुन्हा जड होतं. हे रसायन 1859 सालचं. पॅरिसच्या गॅस्टन प्लांटे यांनी शिशाचे दोन पत्रे मध्ये पट्ट्या घालून गुंडाळले आणि सौम्य सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ठेवले. त्याआधीचे वापरातले घट एकदा संपले की संपले. प्लांटेंच्या घटात रसायन आल्या वाटेने माघारी वळत होतं.

पण ते पूर्णपणे वळत नव्हतं, आणि खरी अडचण तिथेच होती. प्रत्येक फेरीत थोडं सल्फेट कडक खड्यांसारखं प्लेटेवरच चिकटून राहतं, प्लेटेचा लगदा थोडा झडून तळाशी साचतो. काकांच्या भाषेत प्लेट बसते. पुन्हा भरता येणाऱ्या बॅटऱ्यांचा पुढचा दीडशेहून जास्त वर्षांचा इतिहास मी या एकाच प्रश्नाभोवती वाचतो: बाहेर गेलेलं परत आल्यावर त्याची जागा शाबूत असते का?

विजेच्या गाडीची सुरुवात याच शिशावर झाली. 29 एप्रिल 1899 रोजी पॅरिसजवळ कामिल जेनात्झी या बेल्जियन माणसाने टॉर्पेडोच्या आकाराची विजेची गाडी ताशी 105.88 किलोमीटर वेगाने पळवली. ताशी 100 किलोमीटरचा टप्पा रस्त्यावरच्या वाहनाने ओलांडला तो असा, विजेवर. 1900 च्या सुमारास अमेरिकेत धावणाऱ्या मोटारींपैकी साधारण एक तृतीयांश विजेच्या होत्या. हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक ही विजेची गाडी चालवायच्या. या गाडीला हँडल मारावं लागत नव्हतं, धूर नव्हता, गिअर नव्हते. मग 1912 साली कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि पेट्रोल गाडीचं हँडल सुटलं. बॅटरी पेट्रोल गाडीत जाऊन बसली ती तेव्हा, आणि विजेची गाडी रस्त्यावरून मागे सरली.

कारण वजन. एक किलो शिशाच्या बॅटरीत जेमतेम 35 वॉट-तास वीज मावते. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे 12,000. इंजिनने त्यातला मोठा भाग उष्णतेत घालवला तरी ही तुलना होऊच शकत नाही. बंगळुरूची रेवा 2001 साली रस्त्यावर आली तीही शिशाच्याच बॅटऱ्यांवर, एका चार्जिंगमध्ये 80 किलोमीटर. त्या दोन दारांच्या गाडीबद्दल मला मनापासून आदर आहे. हाताशी जे रसायन होतं त्यातून जेवढं काढता येईल तेवढं तिने काढलं.

सगळ्यांत हलका धातू लिथियम. त्याच्याकडे लोक वळले ते 1970 च्या दशकातल्या तेलटंचाईत, आणि तेही एका तेल कंपनीत. एक्सॉनच्या प्रयोगशाळेत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइड हा थराथरांचा पदार्थ घेतला. त्याच्या दोन थरांमधल्या फटीत लिथियमचे आयन शिरून बसायचे आणि चार्जिंगला पुन्हा निघायचे. थर मोडत नव्हते. आयनांसाठी घर सापडलं ते पहिल्यांदा इथे. पण दुसऱ्या बाजूला नुसता लिथियम धातू होता. परत आलेलं लिथियम त्याच्यावर सारखं बसत नसे. त्याला सुईसारखे कोंब फुटायचे, ते वाढत समोरच्या टोकाला भिडायचे आणि आतल्या आत शॉर्टसर्किट होऊन आग लागायची. अग्निशमन दलाला इतक्या वेळा धावत यावं लागलं, की लिथियमची आग विझवायला लागणाऱ्या खास रसायनांचा खर्च प्रयोगशाळेनेच द्यावा, असा इशारा त्यांनी दिला.

1980 मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सल्फाइडच्या जागी कोबाल्ट ऑक्साइड आणलं. दोन व्होल्टचा घट चार व्होल्टचा झाला. ऑक्सफर्डने पेटंट घ्यायला नकार दिला, तेव्हा ते हारवेलच्या अणुसंशोधन संस्थेने घेतलं आणि गुडइनफ यांनी आपले हक्क सोडले. 1985 मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी लिथियम धातूच काढून टाकला आणि त्याच्या जागी पेट्रोलियम कोक, म्हणजे कार्बन, ठेवला. आता दोन्ही बाजूंना घरं झाली आणि लिथियम फक्त या घरातून त्या घरात ये-जा करू लागलं. योशिनो यांनी घटावर लोखंडाचा गोळा टाकून पाहिला. पेटला नाही. धातू असलेला घट त्याच चाचणीत पेटला होता. 1991 मध्ये सोनीने हा घट बाजारात आणला. 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं तेव्हा गुडइनफ 97 वर्षांचे होते, नोबेलच्या इतिहासातले सर्वांत वयस्क विजेते. त्यांच्या वतीने स्टॉकहोममध्ये व्याख्यान दिलं ते त्यांचे जुने सहकारी, तामिळनाडूतल्या अमरापुरमचे अरुमुगम मंथिराम यांनी.

या कथेतला माझा सगळ्यांत आवडता भाग अजून यायचा आहे. कोकणातला चाकरमानी मुंबईला जातो तेव्हा गावचं घर कुलूप लावून मागे राहतं. गणपतीला तो परततो. मधल्या वर्षभरात वासा खचला, भिंत पडली, तर परतून राहणार कुठे? कोबाल्ट ऑक्साइडचं घर असं आहे, की त्यातलं साधारण निम्मं लिथियम बाहेर काढता येतं. त्याहून जास्त काढलं तर थर खचू लागतात आणि तापल्यावर त्यातून ऑक्सिजन सुटतो. बाजूला, आयन ज्यातून ये-जा करतात तो पेट घेणारा द्रव असतोच. फोन पेटल्याच्या बातम्या येतात तेव्हा आग भडकवण्यात या ऑक्सिजनचाही हात असतो. शिवाय कोबाल्ट महाग, आणि जगातला त्याचा मोठा भाग एकट्या काँगोच्या खाणींतून निघतो.

गुडइनफ तोवर टेक्सास विद्यापीठात गेले होते. तिथे अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंदस्वामी या मूळच्या भारतीय संशोधकांबरोबर त्यांनी 1997 मध्ये लोह-फॉस्फेटचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. लोखंड आणि फॉस्फेट. एक गंजतं, दुसरं खतात असतं. दोन्ही स्वस्त. या घरातून जवळजवळ सगळं लिथियम बाहेर गेलं तरी सांगाडा उभा राहतो, कारण फॉस्फरसने ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवलेलं असतं. म्हणूनच तापल्यावरही तो सहजी सुटत नाही. व्होल्टेज थोडं कमी, सुमारे 3.2, आणि तेवढ्याच वजनात वीजही कमी मावते. मोठी खोट वेगळीच होती: या पदार्थातून इलेक्ट्रॉन धड वाहतच नव्हते. मग कणांची पूड अतिशय बारीक केली गेली आणि प्रत्येक कणावर कार्बनचा पातळ लेप चढवला गेला. तेवढ्याने त्याचं नशीब पालटलं. 2024 मध्ये जगातल्या विजेच्या गाड्यांत बसलेल्या बॅटऱ्यांपैकी जवळपास निम्म्या याच रसायनाच्या होत्या. तो पदार्थ मोठ्या प्रमाणावर बनवायला शिकलं चीन, आणि या घडीला सेलचा कारखाना म्हणजे बहुतेक वेळा चीनमधलाच.

असा एखादा सेल कारखान्यात बनताना जवळून पाहण्यासारखा असतो. माणसाच्या केसाहून कितीतरी पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लोह-फॉस्फेटचा काळा लगदा थापतात, तांब्याच्या पत्र्यावर ग्राफाइटचा, आणि मध्ये सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा. मग पानावर पीठ लावून अळूवडीची गुंडाळी करावी तशी गुंडाळी करतात, किंवा थरांवर थर रचतात. सोनीने हे पहिल्यांदा केलं तेव्हा कॅसेटच्या टेपवर लेप चढवण्याचं त्यांचं कौशल्य कामी आलं होतं. पडद्याची करामत अशी, की सेल साधारण 130 अंशांना पोहोचला की त्याची छिद्रं वितळून मिटतात आणि ये-जा बंद पडते.

खरी नजाकत पहिल्या चार्जिंगची. लिथियमचे आयन पहिल्यांदाच ग्राफाइटशी पोहोचतात तेव्हा तिथला द्रव थोडा विघटित होतो आणि ग्राफाइटवर साय धरते, दुधावर धरते तशी. ही साय आयनांना आत जाऊ देते, द्रवाला अडवते. ती नसती तर द्रव खात खात सेल काही दिवसांत मेला असता. तिच्यासाठी थोडं लिथियम कायमचं खर्ची पडतं, म्हणून कारखान्यात हे पहिलं चार्जिंग मुद्दाम हळू करतात. पुढे वर्षानुवर्षं ही साय जाड होत जाते, उन्हाळ्यात जास्त वेगाने. नागपूर-चंद्रपूरच्या 45 अंशांत दिवसभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी लवकर थकते, त्याचं हे एक मोठं कारण.

80 टक्क्यांनंतर गाडीचं फास्ट चार्जिंग एकदम मंदावतं. कित्येकांना वाटतं चार्जर बिघडला. गणपतीच्या गर्दीत रिकामी एसटी लागली की पहिले वीस जण पटापट बसतात, पुढच्यांना एकेक जागा शोधावी लागते. दारातून माणसं कोंबत राहिलं तर गर्दी पायरीवरच अडते. ग्राफाइटमध्ये सहा कार्बनमागे एका लिथियमची जागा. ती भरत आल्यावर जोर लावला तर लिथियम आत न शिरता पृष्ठभागावरच धातू होऊन साचतं, आणि व्हिटिंगहॅम यांच्या घटातल्या सुया पुन्हा फुटायची भीती उभी राहते. चार्जर मंदावतो तो म्हणून.

2010 च्या सुमारास लिथियमच्या बॅटरीचा खर्च एका किलोवॉट-तासाला हजार डॉलरच्या वर होता, 2024 मध्ये तो सरासरी 115 डॉलरवर आला. 2024 मध्ये जगभर प्लग लावून चार्ज करायच्या 1 कोटी 70 लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. पुण्याभोवती हा बदल कारखान्यांत दिसतो. टाटांची नेक्सॉन ईव्ही पहिल्यांदा रांजणगावला बनली, महिंद्राची बीई 6 चाकणला बनते. 2022 मध्ये देशात विजेच्या स्कूटरना आगी लागल्या, तेव्हा दुचाकींच्या बॅटरीचे नियम कडक झाले. हे एआयएस नावाचे नियम लिहिण्याचं काम पुण्याच्या टेकडीवरल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेतून चालतं. आज बॅटरीला तापण्याच्या, बुडवण्याच्या, आपटण्याच्या चाचण्यांतून जावं लागतं, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. ज्या घराच्या पार्किंगमध्ये रात्रभर गाडी चार्जिंगला असते, तिथे वरच्या मजल्यावर मुलं झोपलेली असतात.

लोह-फॉस्फेटची एक गंमत मात्र काकांना फार छळली असती. या बॅटरीला बूच नाही, आत बुडवायला ॲसिड नाही, ग्रॅव्हिटी घेता येत नाही. व्होल्टेजवरून अंदाज करावा, तर तेही 20 टक्क्यांपासून 80 टक्क्यांपर्यंत जवळजवळ सपाट राहतं. म्हणून गाडीतली बीएमएस ही यंत्रणा आत गेलेली आणि बाहेर आलेली वीज वहीत मांडावी तशी मांडत बसते. दररोज थोडी चूक राहते, ती साठत जाते. हिशोब जुळतो तो बॅटरी अगदी काठोकाठ भरल्यावर, कारण तिथे व्होल्टेज एकदम वर चढतं आणि नेमकी जागा कळते. म्हणूनच काही कंपन्या या गाड्यांच्या मालकांना सांगतात, की आठवड्यातून एकदा तरी पूर्ण 100 टक्के चार्ज करा आणि घाईने प्लग काढू नका. त्या रात्री गाडी सावकाश, एकेक टक्का करत, आपली वही तपासून घेत असते.